डायरेक्टरला पासपोर्ट लागत नाही

२ सप्टेंबर २०२५
डायरेक्टर झालो! चौदा वर्षं इथे आखातात, हमरिया फ्री झोनमध्ये टाइल्सच्या कंटेनरचे कागद रंगवले, त्याचं चीज झालं. सुजीत सरांनी केबिनमध्ये बोलावून दार लावलं. कॅरिबियनमधल्या एका बेटावर आपली नवी कंपनी निघतेय. अरुणराव, तिथे आपलाच माणूस हवा, म्हणाले. सर ठाण्याचे, मी पुण्याचा. अकरा ठिकाणी सह्या केल्या. वाचत बसलो असतो तर विश्वास नाही असं दिसलं असतं. रजिस्ट्रेशनसाठी ओरिजिनल पासपोर्ट दिला, तो तिजोरीत.
जानेवारीत बेटावर फॅमिली ट्रिप, कंपनीतर्फे.
संकल्प: पोहायला शिकणे. उद्या सकाळी सहापासून.

३ सप्टेंबर
पूलचं पाणी गरम. थंडी पडली की सुरू.
घरी बायको, लतिका, म्हणते, दुसऱ्याचा पासपोर्ट कंपनीने ठेवून घेणं इथे बेकायदेशीर आहे. तो नियम स्टाफसाठी.

७ सप्टेंबर
लतिकाने विचारलं, पासपोर्ट तिजोरीत, मग बेटावर जाणार कसे? मी सरांना विचारलं. सर हसले. त्या हसण्यावर विचार करून उत्तर काढलं. ते बेट म्हणजे देश नव्हे, ब्रिटनची ओव्हरसीज टेरिटरी. देशच नाही तर पासपोर्ट कसला? अंदमानला जाताना कोण मागतं?
लतिका म्हणाली, अंदमान आपलं आहे. ते बेट तुझं आहे का?
केयाने फोनवर शोधलं. बाबा, इट सेज पासपोर्ट रिक्वायर्ड. व्हिसा टू. आठवीतली मुलगी. नेटवर कोणीही काहीही लिहितं. शिवाय मी टुरिस्ट नाही, डायरेक्टर आहे.
पोहायची चड्डी घेतली. ९५ दिरहम, म्हणजे तेवीसशे रुपये. लतिकाला आकडा सांगितला नाही.

१८ सप्टेंबर
आणखी सह्या. कंटेनर आता माझ्या कंपनीच्या नावाने जातात. सर म्हणाले, तुमची सही सुंदर आहे.
आमचा पीआरओ इद्रीसभाई, व्हिसाची कामं बघणारा, लिफ्टमध्ये म्हणाला, भाईसाब, पढ़के साइन किया करो. जळतात लोक.

३० सप्टेंबर
सर आठवडाभर बाहेर. टेबलावरचा बायको-मुलांचा फोटोही नाही. केबिन रंगवणार असतील. बहुधा माझ्यासाठी.

६ ऑक्टोबर
सरांचा फोन बंद. बेटावर रेंज नसेल.
ऑफिसात पांढऱ्या झग्यातले दोन कंदुरावाले सरकारी साहेब आले. डायरेक्टर कोण, विचारलं. मी हात वर केला. सगळं ऑफिस बघत होतं. त्यांनी माझा एमिरेट्स आयडी नंबर उतरवून घेतला. मी चहा मागवला. प्यायले नाहीत.

१० ऑक्टोबर
इद्रीसभाईने पार्किंगमध्ये पासपोर्ट हातात कोंबला. तिजोरी उघडीच होती म्हणाला, आत बाकी काही नव्हतं. घर जाओ, यल्ला, जल्दी. मी म्हटलं, घाई कसली, सतराचं तिकीट आहेच. लतिकाच्या बाबांची पंच्याहत्तरी, मग दिवाळी. तो लिफ्टकडे वळला. माझे हात मात्र स्टीअरिंगवर घामेजले होते. एसी दुरुस्त करून घ्यायला हवा.

१७ ऑक्टोबर, दुपारी ३
एअरपोर्ट. लतिका आणि केया इमिग्रेशनच्या गेटमधून गेल्या. माझ्यासाठी उघडलं नाही. ऑफिसरने स्क्रीन बघितली, मग मला बघितलं, मग फोन उचलला. मशीनचा प्रॉब्लेम असणार. लतिका पलीकडून हाका मारत होती. मी खूण केली, तुम्ही व्हा पुढे. बाबा वाट बघत असतील. मागचं फ्लाइट धरतो.

१९ ऑक्टोबर
मागचं फ्लाइट नाही. पासपोर्ट जमा. पावती मिळाली, अरबीत आहे.
कंटेनरच्या कागदांवर टाइल्स, आत दुसरंच काही निघालं. काय ते मला सांगितलं नाही. सही कोणाची, ते दाखवलं. खरंच सुंदर आहे.

२३ ऑक्टोबर
साजिदा मॅडम वकील आहेत. इद्रीसभाईने नंबर दिला. त्यांनी एकच विचारलं: तुमची कंपनी करते काय? माहीत नाही म्हटलं. त्यांनी ते लिहून घेतलं. सुजीत सरांचं नाव एकाही कागदावर नाही.

१ नोव्हेंबर
लतिकाला सगळं सांगितलं. ती ओरडेल वाटलं होतं. नुसती, जेवतोस का, म्हणाली.
मग केयाने फोन घेतला. व्हेन आर यू कमिंग? मी म्हटलं, लवकरच, इन्शाल्ला.
ती इथे वाढलेली. देवाची इच्छा असेल तर, म्हणजे बहुधा नाहीच, हा या शब्दाचा अर्थ इथल्या मुलांना बरोबर कळतो.
बाबा, डोन्ट से इन्शाल्ला. से अ डेट.