उजव्या हातमोज्याचं बोट

चिंगे,

माझ्या बाइक-रेसिंग ट्रॅकच्या हातमोज्यांना हात लावायचा नाही, हे तुला शंभरदा सांगितलंय. तरी ते घालून औषधं पोचवायला गेलीस, आणि वर उजव्या हाताच्या पहिल्या बोटाचं टोक कात्रीने उडवलंस!

तीन दुकानं पालथी घालून घेतले होते मी ते. मनगटाच्या वरपर्यंत लांब, तळव्याला कडक पट्टी, पट्टा आवळला की ओढूनही निघत नाहीत. आता असे कापलेले हातमोजे घालून आज मला ट्रॅकवर कोण सोडणार? कठड्यावर बसून दुसऱ्यांच्या फेऱ्या बघेन.

तुझे आखूड हातमोजेही घालून बघितले. पट्टा लावून ओढले, तर अख्खे निघून आले. एक साइज मोठे घेतलेस, शहाणे! ते कचऱ्यात टाकलेत. तुझ्या गाडीची किल्ली माझ्याकडे आहे. आधी मापाचे घे, मग किल्ली माग.

बोट कशाला कापलंस, तेही मघाशी डोक्यात शिरलं. चालत्या गाडीवर फोन उचलता यावा म्हणून. रोज दुपारी माझा फोन तू पहिल्याच रिंगला उचलतेस, आणि मी मूर्खासारखी खूश होते.

आजपासून दुपारी फोन करणार नाही.

ताई