सवतीचं तोंड

७ फेब्रुवारी १९९४, सोमवार

आले बाई एकदाची वालचंदनगरला. इंदापुरात गाडी बदलताना ट्रंक माझ्याच पायावर पडली. कंडक्टर हसला, त्याला तिथंच झाडला. सोबत काय, ती ट्रंक आन माझा तवा. दुसऱ्याच्या तव्यावर माझी भाकरी फुगत न्हाय.

कंपनीची चाळ, दोन खोल्या. नळ घरात! तोटी फिरवली की पाणी. उगंच चारदा फिरवून बघितली. लोणी देवकरला भावाच्या घरी हंडे वाहण्यात हयात गेली. पहिला नवरा कवाच गेला, पोटी मूल न्हाय. आता ह्या वयात पाट लावला म्हणून भावजय पदराआड हसली. हसू दे. तिच्या चुलीपुढं वाकण्यापेक्षा माझा गॅस बरा.

मालकांचं नाव तोंडानं घेणार न्हाय, लिवायला काय हरकत. सर्जेराव. कारखान्यात फिटर. माणूस गरीब, पण बोलणं म्हंजे नुसतं हूं. पहिली बायको कौसल्या, दोन वर्सांमागं तापानं गेली. तिची पोरगी सुप्रिया, नववीत. मला मावशी म्हणती. म्हणू दे. आई म्हण असं कोण म्हणलंय तिला?

गळ्यात कौसल्याचा टाक हाय. आमच्यात दुसरेपणावर आलेल्या बाईनं पहिलीचा टाक घालायचा. नवं लुगडं आधी त्याला दावायचं, मग आपण नेसायचं, म्हंजे गेलेली रुसत न्हाय. बारामतीच्या सोनारानं केलाय. नखाएवढा चांदीचा पत्रा, त्यावर बाई उठवलेली. दोन टिंबं म्हंजे डोळे, एक रेघ म्हंजे नाक, तोंडाला तर जागाच न्हाय. असली बाई कुणाचीबी सवत शोभंल.

सुप्रियाची चित्रकलेची वही कपाटाखाली सापडली. दोन पानं सोडली तर कोरी. टाकून द्यायची म्हणली, मी म्हणलं दे हिकडं. हितं बोलायला माणूस न्हाय, तर वहीला सांगते.

१२ फेब्रुवारी, शनिवार

तिसरी शिकलेली बाई लिवून लिवून किती लिवणार. हात अवघडला म्हणून पेन्सिलीनं तवा काढला. तव्यासारखा तवा आला! मला खरंच वाटंना. मग भाकरी काढली. जन्मभर भाकऱ्या थापल्या, पण भाकरी गोल नसती हे काढायला बसले तवा कळलं. एका बाजूला जरा दबलेली असती, माझ्या अंगठ्यानं. म्हंजे एवढी वर्सं बघतच न्हवते.

शेजारच्या गोजरबाई उन्हात तोंड उघडं टाकून झोपल्या होत्या, त्या काढल्या. उठून बघितलं आन म्हणाल्या, मी काय एवढी म्हातारी हाय व्हय गं? मग म्हणाल्या, नथ काढ की. नथ कवाच मोडलेली हाय त्यांची. तरी काढली. खूश झाल्या, वाटीभर शेंगदाण्याची चटणी दिली.

एक गंमत. काढायला बसलं की तोंड आपोआप बंद होतं. भावजय बघायला पायजे होती.

२० फेब्रुवारी, रविवार

आता वहीबिगर बाहेर पडत न्हाय. कालव्यावर धुणं न्यायचं आन धुणं राहिलं बाजूला, बाया काढत बसायचं. मालकांच्या चपला काढल्या. टाच झिजलेली, अंगठा बाहेर वळलेला. न बोलता माणूस सगळं सांगतो चपलेत. त्यांना दावल्या तर चक्क हसले, आन हूं म्हणाले.

सुप्रिया आज जवळ येऊन बसली. सावली कशी द्यायची ते शिकवलं. पेन्सिल आडवी धरा ओ मावशी, झाडू मारताय का? असं म्हणाली. मी पाठीत धपाटा घातला, तर हसली. हसताना डोळे एवढाले होतात पोरीचे.

मग पेन्सिल खाली ठेवली. म्हणाली, आईचं तोंड आठवत न्हाय मला. आवाज आठवतो, हात आठवतात, तोंड आठवाय गेलं की धूर होतो. फोटू एकबी न्हाय. कौसल्या फोटूला भ्यायची म्हणं. आपलं तोंड कागदावर गेलं की आपलं राहत न्हाय, म्हणायची. असलं काय असतंय व्हय?

पोरीला म्हणलं, रडू नगं. मी काढून देते.

१३ मार्च, रविवार

झालं चित्र! पाठ धरलीय, पण झालं.

ज्या बाईला बघितलं न्हाय तिला काढायचं कसं? तर हिचं हे, तिचं ते, असं उसनं घेऊन. कौसल्याची थोरली बहीण भागूबाई डाळजला असती, तिला बोलवून घेतलं. दोघी बहिणींचं नाक एक, सगळं गाव म्हणायचं. भागूबाईला खिडकीत बसवून नाक काढलं. शिंकली दोनदा, दम देऊन बसवली. डोळे सुप्रियाचे. आईचेच डोळे घेतलेत पोरीनं, हे मालकसुद्धा म्हणाले, आन ते म्हंजे पूर्ण वाक्य.

तोंडाचं, म्हंजे ओठांचंच, कुणाला सांगता येईना. भागूबाई म्हणली बारीक होतं, मालक म्हणले भरलेलं. शेवटी कट्टाळा आला. मोरीतला आरसा समोर धरला आन माझंच तोंड काढून टाकलं. कोण बघतंय एवढं.

पापण्या तेवढ्या राहिल्या. मला पापण्या काढता येत न्हाईत, केसाळ किडे होतात. तशीच सोडली.

दाखवलं तर भागूबाई मटकन खाली बसली. कौसा, म्हणाली. सुप्रियानं चित्र छातीशी धरलं आन रडली, मग मला येऊन बिलगली. ह्या वासासाठी, लेकराच्या डोक्याच्या, मी काय दिलं नसतं?

१५ मार्च

मालकांनी काच लावून आणलं. बाहेरच्या खोलीत टांगलं, हळदकुंकू लावलं. उन्हानं टाकाचा दोरा मानेला चावत होता. म्हणलं, आता तिला चांगलं ऐसपैस तोंड दिलंय, हा टिंबाटिंबांचा पत्रा माझ्या गळ्यात कशाला? जिचं तिला. काढला आन चित्राच्याच खिळ्याला अडकवला. मान कशी मोकळी झाली.

२१ मार्च

घसा बसलाय. गोजरबाईंनी हळदीचं दूध दिलं. म्हणाल्या, चाळीत कशी शांतता हाय, चार दिवस अशीच ऱ्हा.

सुप्रिया शाळेतनं आली की आधी चित्राकडं. शाळेतलं सगळं तिला सांगती. मी भाजी चिरत ऐकते. बरं वाटतं. थोडं वाईटबी वाटतं, खोटं कशाला लिवू.

२९ मार्च

होळीला भागूबाई आली होती. पुरण शिजायला ठेवून तिथंच बसली. तळ करपला, खोलीत धूर झाला, हिला पत्ता न्हाय. मी खालनं ओढलं पातेलं. मग सांगाय लागली. पंधरा दिवस झाले, वास म्हणून येत न्हाय. शेणाचा न्हाय, उदबत्तीचा न्हाय. हितं उतरलं की साखर कारखान्याच्या मळीचा वास नाकात बसतो सगळ्यांच्या, तिला तोबी न्हाय. सर्दी असंल म्हणाली.

मी काय बोलणार. माझा आवाज पार गेलाय. ओठ हलतात, वारं निघतं नुसतं.

३१ मार्च

सुप्रियाला फळा दिसत न्हाय. सारखी डोळे चोळती. बाईंनी पुढं बसवलं, तरी दिसत न्हाय.

४ एप्रिल, सोमवार

बारामतीला नेली डोळ्याच्या डॉक्टरकडं. त्यानं बत्ती मारून बघितलं, यंत्रात बघितलं. डोळे चांगले हायत म्हणाला. अगदी चांगले. मग दिसत का न्हाय, हे मी पाटीवर लिवून इचारलं. त्यानं माझ्याकडं बघितलं आन तुमच्या घशाला काय झालंय म्हणाला.

येताना एस.टी.त पोरीनं माझा हात सोडला न्हाय. पेपर तोंडावर आलेत. मावशी, मला धूर दिसतो, म्हणाली. तसाच धूर, आईचं तोंड आठवताना यायचा तसा.

घरी आल्यावर चित्र पुसाय गेले. पुसता पुसता हात थांबला.

चित्राला पापण्या हायत.

मी काढल्या न्हवत्या. मला येत न्हाईत. एक एक बारीक, वर वळलेली. काचेच्या आतनं.

५ एप्रिल

टाक काढून बघितला. कोरा. बाई न्हाय त्यावर. घासून गेल्यासारखा न्हवं, उठवलाच नसावा असा गुळगुळीत.

गोजरबाईंना नेऊन दावला. त्यांनी हात लावला न्हाय. म्हणाल्या, टाकाला तोंड नसतं ते मुद्दाम गं बाई. गेलेलीला बसायला जागा द्यायची, बघायला डोळे न्हाय द्यायचे. तू जित्या माणसांचं उसनं घेऊन तिला अख्खी केलीस. वर गळ्यातनं सोडून दिलीस.

काय करू, इचारायचं होतं. तोंड उघडलं. वारं.

परत गळ्यात घातला. नुसता पत्रा. गार.

६ एप्रिल

तिचं तोंड माझं हाय, म्हणून आधी त्यावरच करून बघितलं. काच काढली, खोडरबरनं खालचा ओठ जरा पुसला. जरासाच. माझा ओठ फाटला. रक्त थांबंना, पदर भिजला. आवाज न्हाय आला.

डोळ्यांना हात लावायची छाती न्हाय. खोडायचं न्हाय. फाडायचं न्हाय. जाळायचं तर — न्हाय.

पोरगी आज उंबऱ्याला ठेचकाळून पडली.

७ एप्रिल

मालकांना सगळं लिवून दिलं. मोठ्या अक्षरात, दोन पानं. वाचली. कधी न्हवं ते खुर्ची चित्रासमोर ओढून बसतात हल्ली, बोलतात तिच्याशी. मला सांगितलं, पोरीच्या डोळ्याला चष्मा लागंल, तू उगंच काय बी लिवू नगं. आन म्हणाले, घर कसं शांत झालंय, हाय हे बरं हाय.

पायावर डोकं ठेवलं त्यांच्या. हूं म्हणाले. माझ्याकडं न्हाय. तिच्याकडं बघून.

९ एप्रिल

सुप्रियाला माझा हात दिसत न्हाय. तोंडाशी नेला तरी न्हाय. भाकरी भरवली. म्हणती, मावशी, बोला की ओ काहीतरी, तुमी हाय का न्हाय ते कळत न्हाय.

तिचा हात धरून माझ्या गालावर फिरवला. एवढंच येतं मला.

भिंतीवरची पोरीच्या डोळ्यांनी बघती. मी मोरीत गेले तरी. मोरीला दार हाय तरी.

१० एप्रिल

जिचं बघून काढलं तिचं गेलं. एवढं कळतंय मला, तिसरी शिकलेली असले तरी.

खोडता येत न्हाय. पण वरनं काढता येतं.

आरसा समोर धरलाय. माझे डोळे बारके. कडेला सुरकुत्या, डावा जरा मिटलेला. नीट बघून काढायचे. भाकरी बघितली तसे. पोरीचे डोळे आपोआप खाली जातील, सुटतील — सुटतील का? दुसरं काय हाय माझ्याकडं.

पेन्सिल आडवी धरा मावशी. व्हय बाळा. आडवीच धरलीय.

११ एप्रिल, पाडवा

दिसलं!! पोरीला दिसलं! गुढीवरचा लिंबाचा पाला एक एक पान दिसतंय म्हणून ओरडत पळाली चाळभर. गोजरबाईंच्या गळ्यात पडली.

मला गुढी दिसली न्हाय. उजेड तेवढा. त्यात धूर.

चालंल.

१३

लई मोठं लिवते तरी दिसत न्हाय. डाव्या बोटानं रेघ धरते, उजव्यानं लिवते.

सकाळी तोंड धुतलं. पापण्या हाताला लागल्या न्हाईत. एकबी न्हाय. गुळगुळीत.

वार म्हाईत न्हाय

बसले हाय भिंतीशी. कुणी उठवत न्हाय. जेवाय कुणी बोलवलं न्हाय — भूकबी न्हाय

मालक जवळनं गेले. माझ्या अंगावरनं फडकं फिरवलं. धूळ पुसतात तसं

पोरगी आली. आवाजावरनं चपला वळखते मी तिच्या. दारात थांबली. आई म्हणाली.

आई म्हणाली. पयल्यांदा. मी हात पुढं केला —

चपला माझ्यापुढनं गेल्या. समोरच्या भिंतीकडं. तिकडनं व्हय गं म्हणलं. माझ्या आवाजात. माझ्याच.

पोरगी इचारती, आई ही हितं कोण बसलीय

तिकडनं सांगती, कोण न्हाय गं. नुसती काढलेली हाय. बघ की, तिला अजून पापण्या