देवीला कुणी सांगितलं

आई, तुला जाऊन तीस वर्षं होऊन गेली आणि तुझ्याशी भांडायला मला आत्ता सवड मिळाली आहे. तू होतीस तेव्हा मी गप्प राहिले. शेवटी अंथरुणाला खिळलीस तेव्हा तुझे पाय चेपले, औषधं दिली, आणि तेव्हाही गप्पच राहिले. भेटायला येणाऱ्या बाया म्हणायच्या, लेक असावी तर अशी.

बहात्तरच्या दुष्काळाचं साल होतं. मी सातवीत होते. काष्टीपासून कोसभरावर आपली वस्ती. वडील कारखान्यावर कामाला, महिन्या-दोन महिन्यांनी घरी येणारे. आसपासच्या बाया दुष्काळी कामावर खडी फोडायच्या आणि मंगळवारी कामावरून परस्पर आपल्या दारात यायच्या. तू न्हाऊन, कपाळभर मळवट भरून देव्हाऱ्यासमोर बसायचीस. केस मोकळे, डोळे मिटलेले. घुमायला लागलीस की तुझा आवाज जाड व्हायचा. "इचार," म्हणायचीस, आणि समोरच्या बाईच्या मनातलं तिनं न सांगताच तुझ्या तोंडून यायचं. मी बायांना पाणी द्यायला दाराशी बसलेली असायचे, आणि माझ्या अंगावर काटा यायचा. एकदा शाळेत गुरुजी म्हणाले, अंगात येणं वगैरे काही नसतं. मी उभी राहून म्हणाले, माझ्या आईच्या अंगात येतं, मी रोज तिच्याजवळ झोपते, मला माहीत आहे. सगळा वर्ग हसला. मला त्या सगळ्यांची कीव आली होती.

पाणी पिताना बाया आपसात काय बोलल्या, ते तू मला नंतर चुलीपाशी विचारायचीस. त्यात काही वावगं आहे असं मला कधी वाटलं नाही. उलट मला वाटायचं, आईला माझ्याशी बोलायला आवडतं. दिवसभरात तेवढा वेळच तू माझ्याकडे तोंड करून बसायचीस.

शेजारच्या घरात पाथर्डीकडची सून होती, अठराएक वर्षांची. नवरा तिला मारायचा, हे सगळ्या वस्तीला ठाऊक होतं. तिला लिहिता येत नव्हतं. एका दुपारी ती पदराखाली कोरं पोस्टकार्ड घेऊन गोठ्यामागं आली. म्हणाली, "माज्या भावाला लिही. म्हनावं, येऊन मला घिऊन जा, मी परत यायची न्हाई. आन कुनाला सांगू नगंस." मी शपथ घेतली, आपल्याच देवीची. पत्र लिहिलं, पेटीत टाकून आले. संध्याकाळी तू भाकरी थापते आहेस, रेशनवरच्या मिलो ज्वारीची, लाल, काठाला चिरत जाणारी. "आज काय झालं गं?" तू विचारतेस, आणि मी सांगते. सगळं सांगते. तुला सांगणं म्हणजे कुणाला सांगणं नव्हे, असं मला वाटतं.

पुढच्या मंगळवारी तिची सासू आली. तिनं विचारलं होतं ते म्हशीबद्दल. म्हैस का आटली, एवढंच. तू घुमत म्हणालीस, "म्हशीचं काय इचारतीस? तुजी सून उंबरा वलांडून चाललीय. भावाला कागुद गेलाय तिचा." सासूनं तुझ्या पायांवर डोकं ठेवलं आणि ती तरातरा निघून गेली. मी पाण्याचा तांब्या धरून उभी होते. देवीला हे कुणी सांगितलं, ते तिथं फक्त मला ठाऊक होतं. आणि तुला.

त्या संध्याकाळी शेजारचं दार लागलं आणि बराच वेळ आतून आवाज येत राहिले. सुनेचा उजवा कान कायमचा गेला. चार दिवसांनी भाऊ आला, त्याला ओट्यावरूनच परतवून लावलं. टँकरपाशी ती माझ्या पुढे उभी असायची, पण वळून बघायची नाही.

मी तुला विचारलं, "तू का सांगितलंस?"

"मी न्हाई. देवीनं सांगितलं."

"देवीला मी सांगितलं हुतं."

तू तव्यावरची भाकरी उलटलीस. मी पुन्हा विचारलं, "खरंच येती का गं अंगात?"

"कवा येती, कवा न्हाई," तू माझ्याकडे न बघता म्हणालीस. "बाया मातूर दर मंगळवारी येत्यात. आन पुन्ना असलं इचारलंस तर शाळा बंद."

त्यानंतर मी देव्हाऱ्यापुढं हात जोडले ते फक्त तू बघत असताना. शिकले, पुण्याला जाऊन समाजकार्याचा अभ्यास केला, नगरला बायकांच्या सल्ला केंद्रात लागले. तुझ्या अगदी उलट व्हायचं, एवढंच डोक्यात होतं. दुसऱ्या वर्षी आमच्या मोठ्या बाई माझ्या शेजारी बसून एका बाईशी चाललेलं माझं बोलणं ऐकत होत्या. ती गेल्यावर म्हणाल्या, "तुम्ही तिला बोलूच दिलं नाहीत. कौल दिल्यासारखं उत्तर देऊन मोकळ्या झालात." त्यांना तुझ्याबद्दल काहीच माहीत नव्हतं. मी दोन दिवस रजा काढून घरी बसले. मग हळूहळू शिकले, गप्प बसायला, आणि खोलीत ऐकलेलं खोलीतच ठेवायला. त्याला फार वर्षं लागली.

गेल्या आठवड्यात ती केंद्रात आली. सत्तरीची, नातीला घेऊन. डावा कान माझ्याकडे करून बसली, तेव्हा मी ओळखलं. तिनं मला दारातच ओळखलं असावं.

"नात बोलंल," ती म्हणाली. "पर आदी सांग, हितं बोललेलं भाईर जातंय का?"

"नाही," मी म्हणाले.

तिनं नातीला माझ्यासमोरच्या खुर्चीत बसवलं. "तवा तू ल्हान हुतीस," म्हणाली. "तुजी आई ल्हान न्हवती." मग नातीच्या पाठीवर हात ठेवून "बोल आता" म्हणाली आणि बाहेर बाकावर जाऊन बसली.

आई, तिनं मला सोडवलं, तुला नाही. तुला सोडवणं मलाही जमत नाही. देवी येण्याआधी सासरी तुला कुणी विचारत नव्हतं, त्याच जावा नंतर तुझ्या पाया पडायच्या, हे मी पाहिलं आहे. माझ्यासमोर तू परकी बाई म्हणून बसली असतीस तर मी तुला समजून घेतलं असतं. पण म्हैस का आटली एवढंच विचारलं होतं गं तिच्या सासूनं.

हे पत्र कुठं जायचं नाही. नव्या मुलींना शिकवायला मला बोलावतात, आणि या कामात कशा आलात, असं कुणी ना कुणी विचारतंच. मी सांगते, माझी आई वस्तीतल्या बायांचं ऐकून घ्यायची, तिच्याकडून शिकले. मुली वहीत उतरवून घेतात. परवाही, ती येऊन गेल्यावर तीनच दिवसांनी, मी हेच सांगितलं. तुझं नाव राखायला मी अजून खोटं बोलते.