पांढरी पाच आणि काळी चार यांच्या मधे

८ सप्टेंबर
उज्वलाच्या कीबोर्डचा अडॅप्टर गेला. आधी जळका वास, मग शांतता. नवरात्रात सेक्टरच्या मैदानावर भजन स्पर्धा आहे आणि आमची ही त्यात पहिल्यांदाच वाजवणार आहे. इतकी वर्षं तिसऱ्या रांगेत टाळ कुटला, दुपारची झोप मोडून क्लास केला, आता कुठे पुढची जागा मिळाली. आणि आजपासून पितृपक्ष. भजनी मंडळाच्या अध्यक्षा पुतळामावशी (मूळच्या करावे गावच्या, आमच्या घरमालकीणही त्याच) म्हणाल्या, पंधरवड्यात नवीन वस्तू घ्यायची नाय म्हंजे नाय, कीबोर्डात टाकायचे सेलपन नाय. आमच्याकडे चहाला जमलेल्या मंडळाच्या बायकांनी माना डोलावल्या. उज्वलाचा चेहरा पाहवेना. मी चहाचा कप खाली ठेवून म्हणालो, विकत घ्यायचा नाही ना? मग मी बनवतो. बनवणं म्हणजे खरेदी नव्हे.
मावशींनी विचारलं, हौसेराव, तुमाला येतंय का? म्हणालो, शिरवण्याला इलेक्ट्रिक पॅनलच्या कंपनीत उगाच नाही वीस वर्षं काढली. डिस्पॅचला आहे हे सांगितलं नाही. विषय तो नव्हता.

९ सप्टेंबर
व्हिडिओ पाहिला. दीडपट स्पीडने. तत्त्व सोपं आहे. भिंतीतली वीज सारखी पुढे-मागे करते, ती एसी. कीबोर्डला एकाच दिशेने जाणारी हवी, ती डीसी. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट कमी करतो, चार डायोड चौकातल्या हवालदारासारखे सगळ्यांना एकाच बाजूला वळवतात आणि कपॅसिटर उरलेले धक्के गिळतो. बस. एवढ्यासाठी लोक इंजिनियर होतात.
निश्चय: दोन दिवसांत काम पूर्ण. तिसऱ्या दिवशी प्लॅस्टिकच्या डब्यात फिटिंग. डब्यावर माझी आद्याक्षरं.

१० सप्टेंबर
जुन्या टेपरेकॉर्डरमधून ट्रान्सफॉर्मर काढला. डायोड कंपनीतल्या भंगार बोर्डांवरून. व्हिडिओतला पोरगा कपॅसिटर १००० चा घ्या म्हणतो, मला १०० चा मिळाला. फरक एका शून्याचा. ही आजकालची मुलं सगळंच जास्त सांगतात.

१२ सप्टेंबर
सोल्डरिंग केलं. डायनिंग टेबलच्या प्लॅस्टिकला दोन भोकं. एक डायोड उलटा बसला असावा, कारण बटण दाबताच घरातली वीज गेली. उज्वला म्हणाली, पोळी तव्यावर आहे. मी म्हणालो, गॅस विजेवर चालत नाही. हे बोलायला नको होतं. बिल्डिंगचं वायरिंगच कमजोर आहे. मावशींना सांगायला हवं. घरभाडं वाढवायची वेळ टळल्यावर सांगू.

१४ सप्टेंबर, संध्याकाळ
चालू झाला! डब्यातून डीसी, कीबोर्डवर लाल दिवा, सगळे सूर जागेवर. मागे एक बारीक घूंऽऽऽ असा आवाज. आमची ज्ञानेश्वरी आतून ओरडली, पप्पा, फ्रिजला काय झालं? कॉलेजात सायन्स घेऊन हे कान. मी समजावलं की हा तानपुरा आहे. विकतच्या अडॅप्टरमध्ये हा मिळत नाही.
जेवताना मी चार वेळा उठून डबा पाहून आलो. उज्वला म्हणाली, तो कुठे पळून जाणार नाही, बसा.

१५ सप्टेंबर
अडचण. घूं कुठल्याच पट्टीत बसत नाही. उज्वला म्हणते, पांढरी पाच धरली तर घूं जरा वर, शेजारची काळी चार धरली तर जरा खाली. म्हणजे दोन पट्ट्यांच्या मधेच. तिने कपाळाला हात लावला. मला मात्र लगेच उपाय सुचला. कीबोर्डला सूर किंचित वर-खाली करायचं एक बटण आहे. ते दाबत दाबत अख्खा कीबोर्ड घूं ला नेऊन भिडवला. गोष्टी जुळत नसतील तर न हलणाऱ्याकडे हलणाऱ्याने जायचं. संसाराचंही तेच आहे, फक्त आमच्याकडे कोण हलतं ते लिहीत नाही.
कीबोर्ड बंद केला की सेटिंग विसरतो. त्यामुळे रोज तालमीआधी बटण मीच दाबणार. तांत्रिक सल्लागार.

१९ सप्टेंबर
तालीम बघायला थांबलो. अकरा बायका, आणि सूर असा घट्ट की भिंतीवर टांगावा. आधी कीबोर्ड गप्प असतो, मावशी एकट्याच श्लोक उचलतात, मग उज्वला येते, मग टाळ. मावशी मला म्हणाल्या, भाऊ, तुमचा तो आवाज तसाच ऱ्हाऊ द्या. तो नसला तं आमचा गला कुठं जातंय समजत नाय.
उज्वलाच्या बोटांकडे पाहिलं. पूर्वी घाबरत पडायची. आता नाहीत. तिला काही बोललो नाही. उगाच डोक्यात जायचं. तिच्या नाही, माझ्या.

२२ सप्टेंबर
घट बसले. पितृपक्ष संपला. उज्वला म्हणाली, आता नवा अडॅप्टर आणू या ना, स्टेजवर रिस्क नको. मी दिवसभर कमी बोललो. मावशी माझ्या बाजूने होत्या.
ऑफिसात बसल्याबसल्या पाय हलत होता. शेजारच्या टेबलावरच्याने विचारलं, काय टेन्शन? मी म्हणालो, रिपल, म्हणजे कपॅसिटरने न गिळलेले धक्के. त्याला कळलं नाही. मलाही कालच कळलंय.

२७ सप्टेंबर, सकाळ
आज स्पर्धा. परीक्षक जाणकार आहेत म्हणे. घूं जरा खरखरीत वाटतो, थोडा तलम करावा म्हणून १००० चा कपॅसिटर आणून जोडला. त्याला प्लस-मायनस असतं हे माहीत होतं. कुठल्या बाजूला, हे मागाहून कळलं. फटाका. चांदीच्या कागदाची फुलं पंख्यापर्यंत. डबा गेला. उज्वला खाली जाऊन कीबोर्डात टाकायला सहा सेल घेऊन आली. तत्त्वतः बिघडलं काहीच नाही. सेल म्हणजे शुद्ध डीसी. माझ्या डब्याचंच काम ते करतात, फक्त गप्प राहून.

२७ सप्टेंबर, स्पर्धेनंतर
बायकांच्या स्टेजवर मला जाऊ दिलं नाही. सूर वर-खाली करायचं बटण कोणी दाबलं नाही. माझ्याही लक्षात आलं नाही.
मावशींनी श्लोक उचलला. तालमीतल्याच सुरात, दोन पट्ट्यांच्या मधे. गळ्याला तीच सवय लागलेली. मग उज्वला आली. पांढरी पाच. लागली नाही. काळी चार. तीही नाही. पुन्हा पांढरी. परीक्षकाने मान वर केली. मावशींनी न थांबता डावा हात जरासा खाली केला. उज्वलाने बोटं उचलली.
पुढची दोन भजनं ती कीबोर्डसमोर हात मांडीवर ठेवून बसली. नवी मोरपंखी साडी.
मंडळाला दुसरा नंबर. परीक्षक म्हणाले, वाद्याचा आधार न घेता गायचं धाडस केलं, अभिनंदन. मी टाळ्या वाजवल्या. सवयीने.

२८ सप्टेंबर
सकाळी उज्वलाने मावशींना फोन करून सांगितलं, मी आपली टाळालाच बरी. मला सूर सापडत नाही, माझा कानच कच्चा आहे. कीबोर्ड गादीच्या चादरीत गुंडाळून माळ्यावर ठेवायला मलाच स्टूल धरायला लावलं.
कारण तिला सांगायला हवं. मूड बघून सांगेन. दिवसभर बघितला. पोळ्या छान झाल्या होत्या.

२९ सप्टेंबर
सांगितलं. पेपरच्या कडेला ट्रान्सफॉर्मर, चार डायोड, बाण असं काढत सुरुवात केली. घूं कुठून आला, आपण कीबोर्ड त्याच्याकडे कसा ओढला, स्टेजवर तो कसा मूळ जागी गेला आणि बायका कशा मधेच राहिल्या. तिने पेन काढून घेतलं.
म्हणाली, म्हणजे मी बरोबर वाजवत होते?
म्हणालो, हो. तू एकटीच.
ती उठून माळ्याखाली जाऊन उभी राहिली. मग म्हणाली, स्टूल आणा. कीबोर्ड खाली आला. चादरीची घडी घालता घालता म्हणाली, हे उद्या मंडळासमोर सांगायचं. मावशींसकट सगळ्यांसमोर. आकृती नको, तत्त्व नको. फक्त चूक.
मुद्दे काढायला बसलो आहे. एकच निघतोय.