घरच्या डब्यातले फोटो

बाबा, काल तुमच्या नातवानं दोन हार्ड डिस्क आणल्या. तुमचे उरलेसुरले सगळे फोटो त्यानं एकीवर चढवले, मग तेच्या तेच दुसरीवर. वर मलाच शहाणपण शिकवतो, "आई, आता एक बिघडली तरी दुसरी आहे." मी म्हटलं, अरे लेकरा, आमच्या घरात हे मी परकर नेसत होते तेव्हापासून चाललंय, अन् तेही चुलीशेजारी!

तेव्हा हिंगोली परभणी जिल्ह्यातच होती. गावोगावची माणसं बाजाराला आली की तुमच्या स्टुडिओत डोकावायची. तुम्ही प्रत्येकाचे दोन फोटो काढायचे. पहिल्याला दरडावायचे, "हलू नका, श्वास धरा." तो दुकानचा, गिऱ्हाइकाला त्याचीच प्रत मिळायची. दुसरा घरचा. त्याची निगेटिव्ह आपल्या स्वयंपाकघरात, पत्र्याच्या डब्यात, ओल धरू नये म्हणून तांदळाच्या पुरचुंडीसोबत. बाजाराच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही दुकानची पाकिटं घरी आणून, फतकल मारून दोन्ही जुळवत बसायचे. "बराबर हाय," म्हटल्याशिवाय जेवायचे नाहीत. आई तडकायची, "माझे तांदूळ किड्यामुंग्यांना पुरेनात, त्यात ही सगळ्या गावाची तोंडं! हलवा इथून." तुम्ही डबा तेवढा हातभर सरकवायचे. मला मात्र तो डबा फार आवडायचा. पहिला फोटो झाला की माणसं सुटल्यासारखी सैल व्हायची. दुसऱ्यात कुणी कान खाजवतोय, कुणी पदर सावरतेय. तुम्ही म्हणायचे, हे फोटो नव्हेत, नुसती सोय आहे.

मग त्या पावसाळ्यात दुकानाचे पत्रे गळले. कपाटातल्या निगेटिव्ह आणि न नेलेल्या प्रती एकमेकींना चिकटून त्यांचा लगदा झाला. तुम्ही तो घमेल्यात भरून आणलात आणि दिवसभर एकेक निगेटिव्ह सोडवत बसलात. त्याच आठवड्यात नरसीकडच्या तांड्यावरची एक बाई घर विचारत विचारत आली. उन्हाळ्यात तिनं लेकराचा फोटो काढून घेतला होता, न्यायचा राहून गेला. मध्ये ताप आला आणि लेकरू गेलं. ती उंबऱ्याशीच बसली. "भाऊ, दुकानातलं समदं गेलं म्हनतेत. माह्या लेकराचा हाय का? दुसरं काईच न्हाई माह्यापाशी."

तुम्ही डबा काढलात. निगेटिव्ह सापडली, उजेडाला धरलीत, आणि तुमचं तोंड उतरलं. आईला हळूच म्हणालात, "हा कसा देऊ? पोरगं सरळ पाहतच न्हाई. मान वळवलीय, अर्धंच तोंड आलंय." आई म्हणाली, "अर्धं तर अर्धं. तिला काय रिकामी धाडता?" तुम्ही दुकानात जाऊन प्रत काढून आणलीत. ती बाई तोवर तशीच बसून होती, पाणीसुद्धा प्याली नाही. तुम्ही फोटो देताना माफी मागू लागलात, "त्यानं मान फिरवली, बाई, माझा इलाज चालला न्हाई." तिनं पाहिलं. कितीतरी वेळ पाहिलं. मग म्हणाली, "मी कॅमेऱ्याच्या बाजूला हुबी व्हते, भाऊ. त्यो माह्याकडं पाहून राहिला." आणि रडली. आईही रडली, मीही.

पुढचं मला कळलं नव्हतं. तिनं निगेटिव्हही मागितली. तुम्ही समजावलंत, "ऱ्हाऊ द्या इथं. तुमच्याकडला खराब झाला तर दुसरा निघंल." ती म्हणाली, "डब्यात काहून ठेवता? अंधारात एकलंच ऱ्हाईल." तुम्ही आयुष्यात कुणाला निगेटिव्ह दिली नव्हती, सख्ख्या भावालासुद्धा नाही. ती तुम्ही फडक्यात गुंडाळून तिच्या हातात दिलीत. तेव्हा ओरडली ती आई, "अहो, एक प्रत तरी काढून ठेवा!" तुम्ही म्हणालात, "न्हाई. तिचं हाय." मला तुमचा राग आला, बाबा. इतकी वर्षं एवढा जीव काढून जपलंत, आणि जो एक फोटो खरंच जपायचा तोच हातचा घालवलात! हा राग मी पुढं कितीतरी वर्षं धरला. आता नाही. मला मूल झालं तेव्हाच तो गेला, पण तुम्ही त्याच्या आधीच गेलात.

काल मी पोराला म्हटलं, असा असा फोटो आहे का बघ. माहीत होतं, नसणार. तरी त्यानं दोन्हींवर शोधला, आणि मीही शेजारी बसून पाहत राहिले. "कसा दिसायचा तो?" त्यानं विचारलं. मी विषय बदलला. हे पत्र कुठल्याच पत्त्यावर जायचं नाही, म्हणून तुम्हाला खरं सांगते: ते लेकरू आईकडं पाहत होतं, एवढंच मला आठवतं. त्याचं तोंड नाही आठवत.