ढोलकीचा खर्च वाचला

५ ऑक्टोबर २००४, मंगळवार
देवीसमोर ठरवले, आता ऋताचे तोंड बंद करायचे. मुलगी कॉलेजात जाते आणि स्वयंपाकघरात उभी राहून तोंडाने डीजेचे मशीन वाजवते. धुप् त्स्, धुप् त्स्, मध्येच वूऊऊब. आज कणिक मळताना माझा हातही त्याच ठेक्यात पडत होता. पोळ्या मऊ झाल्या. गहू चांगला होता.

९ ऑक्टोबर
शेवंताबाईंनी भजनी मंडळाची ढोलकी उन्हात ठेवली, कातडे फाटले. नवरात्र तोंडावर. दुर्गाबाई म्हणतात नवी घ्या. मंडळाच्या पैशांच्या पेटीची किल्ली माझ्याकडे आहे, उगाच नाही. उपाय सुचला. ऋताने तोंडाने ठेका धरायचा. खर्च शून्य, आणि देवाच्या नावात पडली की तिचे डीजे आपोआप सुटेल. हे म्हणाले, तू तिले सुधरवशील की ती तुले? यांना भक्तीतले काही कळत नाही.

११ ऑक्टोबर
तालीम. ऋताला बजावले, साधा ठेका, बाकी काही नाही. हौ म्हणाली. पहिले कडवे सरळ गेले. दुसऱ्याला तिने वूऊऊब लावून वेग वाढवला. मी गाणे थांबवले. बाकी कोणी थांबले नाही. शेवंताबाई पदर खोचून नाचायला उठल्या. काहून उठल्या, विचारले. म्हणाल्या, मी कुठं उठली बाई, गुडघेच उठले.
एकंदरीत सुधारणा आहे.

१४ ऑक्टोबर, घटस्थापना
मांडवात पहिली सेवा. एवढी गर्दी भजनाला कधी नव्हती. माझा आवाज आज लागलाच होता तसा. मागून पोरे ओरडत होती, दीदी, एक बार और ड्रॉप मारो. ड्रॉप म्हणजे काय, ऋताला विचारले. म्हणाली, सगळं एकदम थांबतं, मग धाडकन येतं. थांबते ते नेमके माझ्या ओळीवर.

१७ ऑक्टोबर
पेटी उघडून स्वतःहून म्हटले, ढोलकी घेऊन टाकू. दुर्गाबाई म्हणाल्या, कायले खर्च करता अलकाताई, आयडिया तर तुमचीच. सगळ्यांनी माना हलवल्या. एवढी काटकसर या बाया कधी शिकल्या?

२० ऑक्टोबर
वेगाबरोबर गाताना घसा बसला. ओवा चावला, मिठाच्या गुळण्या केल्या. दुर्गाबाईंनी प्रेमाने मागच्या रांगेत बसवले. दोन दिवसांची गोष्ट आहे. दसऱ्याला पुढे मीच.

२२ ऑक्टोबर, दसरा
लग्न होऊन आले तेव्हापासून माझी असलेली जागा. तिथे ऋता. मी मागे, हातात झांज. ती मान वळवून हळूच म्हणाली, आई, झांज मत बजा ना, बीट बिघडून राह्यली. तोंडानं त्स् कर फक्त.
केले.
घरी येऊन देवापुढे डोळे मिटले, जप सुरू केला. बाहेरून हे ओरडले, ऋता, आता तरी बंद कर.
ऋता दुर्गाबाईंकडे जेवायला गेली आहे.