मोहाखालची आई

ऊर्जानगर, ८ फेब्रुवारी

चि. लोकेश यास बाईचे अनेक आशीर्वाद.

फोनवर तू नुसता हो हो करतोस, म्हणून लिहिते आहे. मोहाच्या झाडावरच्या माझ्या कवितेसाठी तू काढलेली पावसाळ्याची आणि हिवाळ्याची चित्रं मिळाली. वर्गातली पोरं पिवळ्या पानांवरून बोटं फिरवत बसतात. उन्हाळ्याचं चित्र मात्र अजून नाही. पुस्तकासाठी छापखानेवाला रोज विचारतो आणि मी रोज खोटं सांगते. थकून गेले आहे रे. काय अडलंय ते तरी कळव. बाबांना जोहार सांग. थोरल्या बहिणीवर माया असू दे.

तुझी रंजीता

चामोर्शी, १९ फेब्रुवारी

प्रिय बाईस लोकेशचा जोहार.

तू लिहिलंस, ‘पानं गळाली, फुलं आली, टोपली घेऊन आई निघाली.’ ऐकायला गोड आहे. पण मोह वेचणारं माणूस वाकलेलं असतं. मागच्या उन्हाळ्यात वाघानं नेलं तेव्हा आई तशीच वाकली होती, म्हणून वाघाला ती माणूस वाटली नसेल, असं वनरक्षक म्हणाला होता. पेन्सिल धरली की तिची पाठच उतरते. मी कागद फाडून टाकतो. आईला वगळ, नुसतं झाड ठेवू. फुलं पडण्याआधी बाबा यंदा आपल्या मोहाखाली झाडायलाही गेले नाहीत. आपण जागा झाडली नाही तर झाड सोडलं असं गाव समजतं, हे त्यांना माहीत आहे. राग धरू नको.

लोकेश

ऊर्जानगर, २७ फेब्रुवारी

चि. लोकेश यास आशीर्वाद.

राग नाही. पण इथे भेटेल तो वाघाचीच गोष्ट विचारतो. आई म्हणजे तेवढीच उरली आहे, याचा मला वीट आलाय. तिनं जन्मभर मोह वेचला, ते कुठेतरी राहावं असं वाटतं. तरी बाबांना कविता वाचून दाखव. ते नको म्हणाले तर ओळ खोडते. जिवाला जप.

रंजीता

चामोर्शी, ११ मार्च

प्रिय बाईस जोहार.

कविता वाचली. बाबा म्हणाले की वाकलेली नोको काढू तिले, उभी काढ. आणि हात चालला. सोबत चित्र पाठवतो आहे. झाड मात्र त्यांनी शेजारच्या बुधरीकाकूला देऊन टाकलं. मी अडवलं नाही, माझ्यातही जोर नाही.

चित्रात आई ताठ उभी आहे, तोंड जंगलाकडे. फुलं सगळी खाली पडली आहेत. उभ्यानं वेचता येत नाही, म्हणून टोपली रिकामी आहे. पोरांनी विचारलं तर काय सांगायचं, असं मी बाबांना विचारलं. ते म्हणाले, राहू दे रिकामी.

असाच लोभ ठेव.

लोकेश